निळी म्हणावी की पारवी?

अँडालुशियन जातीच्या कोंबडीला इंग्रज ‘ब्लू’ म्हणतात. ती ज्या मुलखाची, त्या स्पेनमध्येही तिला ‘असुल’ म्हणजे निळीच म्हणतात. या कोंबडीचं चित्र आपल्याकडे दारात चार गावठी कोंबड्या पाळणाऱ्या एखाद्या बाईपुढे धरावं आणि रंग विचारावा. ती राखी म्हणेल, करडी म्हणेल, जुन्या वळणाची असेल तर पारवी म्हणेल. निळी काही केल्या म्हणणार नाही. निळं म्हटलं की आपल्यापुढे दौतीतली शाई येते, जयंतीच्या मिरवणुकीतला झेंडा येतो, धुण्याच्या बादलीत कालवलेली नीळ येते. या कोंबडीच्या अंगावर त्यातलं काही नाही. ओल्या पाटीचा असतो तसा एक रंग तिच्यावर आहे.

मग तिला निळी म्हणणाऱ्या सगळ्यांचे डोळे फुटले होते का? तसं नाही. जनावरांच्या आणि पाखरांच्या रंगाची गोष्ट निघाली की बऱ्याच भाषांत ‘निळा’ हा शब्द वेगळाच वागतो. राजस्थानी लोकपरंपरेत राणा प्रताप हा ‘नीले घोड्याचा स्वार’ आहे. चेतक काही आकाशी रंगाचा नव्हता. करड्या-राखी घोड्याला तिकडे नीला म्हणतात. नीलगाईचा नरही निळसर झाकेचा राखी असतो, आणि विदर्भातला शेतकरी तिला रोही म्हणून हा प्रश्नच टाळतो. रशियन ब्लू मांजर राखी. केरी ब्लू कुत्रा राखी. डार्विनने १८५९च्या ग्रंथात कबुतरांच्या नाना जातींचा मूळ पुरुष सांगितला तो रानपारवा, आणि त्याचा रंगही त्याने पाटीसारखा निळा असाच नोंदवला. पांढऱ्या आणि काळ्या जातींचा संकर केला की नातवंडांत कधी कधी तोच रंग पुन्हा उगवतो, हे त्याने स्वतः कबुतरं पाळून पाहिलं होतं.

म्हणजे जनावराच्या अंगावरचा निळा हा बहुधा पातळ झालेला काळा असतो. शब्दांच्या इतिहासातही काळा आणि निळा एकमेकांना खेटूनच उभे आहेत. जुन्या नॉर्स भाषेत ‘ब्लार’ म्हणजे निळा, पण आफ्रिकेतल्या काळ्या माणसांना ते लोक ‘ब्लामेन’ म्हणत आणि कावळ्याच्या पंखांनाही तोच शब्द लावत. संस्कृतातला ‘नील’ तर याहून ऐसपैस. त्यात निळं बसतं, गडद बसतं, सरळ काळंही बसतं. केस नील असतात, विष प्यालेला गळा नील असतो. शब्दकोश अर्थांची रांग लावून मोकळे होतात, पण बोलणाऱ्याच्या मनात त्या काळी तो बहुधा एकच अर्थ असावा: उजेड गिळणारा रंग.

मराठीत याची खूण अजून शिल्लक आहे. मार खाल्लेलं अंग ‘काळंनिळं’ पडतं, त्यातला काळा कुठे संपतो आणि निळा कुठे सुरू होतो हे कुणी विचारत नाही. विठ्ठल काळाही आहे, सावळाही आहे आणि ‘घननीळ’ही आहे. या घननीळाकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे. घन म्हणजे पावसाचा ढग. आषाढात घाटमाथ्यावर येऊन टेकणारा ढग आकाशी नसतो, शाईसारखाही नसतो. तो खालून काळपट राखी असतो. संतांनी देवाला ज्या ढगाच्या रंगाचं म्हटलं, तो रंग अँडालुशियन कोंबडीच्या पाठीवर जसाच्या तसा आहे. तुलना कुणाला उद्धट वाटेल, पण रंगाला सोवळं-ओवळं नसतं.

आता पीस हातात घेऊन पाहू. अँडालुशियन कोंबडीच्या छातीचं एक पीस घेतलं तर मधला भाग पाटीसारखा, आणि कडेनं बारीक, जवळजवळ काळी किनार. शेकडो पिसं एकावर एक बसली की या किनारींची खवल्यांसारखी नक्षी होते. भिंगाखाली पिसाच्या बारीक केसरांत मेलॅनिनचे कण दिसतात. त्यांत निळं रंगद्रव्य शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. काळ्या कोंबडीच्या पिसात हे कण लांबट असतात आणि दाट, सारखे पसरलेले असतात. या कोंबडीत ते गोलसर, कमी आणि कुठे दाट कुठे विरळ असतात. मधल्या रिकाम्या जागांतून उजेड परततो आणि डोळ्याला राखी-निळसर भास होतो. काळ्या कोंबड्याच्या शेपटीवर उन्हात जी हिरवी-जांभळी झळाळी खेळते, ती या कणांच्या शिस्तशीर थरांमुळे. कणांची शिस्त मोडली की ती झळाळीही बरीचशी मावळते. मोर, खंड्या, नीलपंख यांचा निळाही रंगद्रव्याचा नाहीच, पिसाच्या घडणीचा आहे. पण तिथे घडण इतकी रेखीव की निळा डोळ्यांत भरतो. कोंबडीच्या वाट्याला ती कारागिरी आली नाही.

आणखी एक बारकावा. कणांतला हा बदल फक्त काळ्या मेलॅनिनला पातळ करतो. तांबूस-पिवळं मेलॅनिन त्याच्या तावडीतून जवळजवळ तसंच सुटतं. म्हणून तांबड्या पिसांना काळ्याऐवजी निळसर किनार असलेल्या वायंडॉट कोंबड्या तयार होऊ शकल्या. काळ्याचं राखी झालं, तांबडं तांबडंच राहिलं.

स्पेनच्या ‘असुल’चा उगम मात्र फार पूर्वेचा. बदख्शानच्या खाणीतल्या निळ्या दगडाला फारसीत लाजवर्द म्हणत. अरबांनी तो शब्द स्पेनला नेला, तिथे पहिला ‘ल’ उपपद समजून गळाला आणि असुल उरलं. हाच दगड आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत ‘राजावर्त’ झाला. परका शब्द संस्कृत पोशाखात उभा करायची आपली हौस जुनी आहे. आपला ‘नील’ही मागे राहिला नाही. फारसीत नील, अरबीत अन्-नील, आणि तिथून स्पॅनिशमध्ये ‘अन्यिल’, पोर्तुगीजमध्ये ‘अनिल’. दोन्हींचा अर्थ नीळच. १८४० साली फ्रित्शे या रसायनशास्त्रज्ञाने निळीपासून एक द्रव्य काढलं आणि त्याला ‘अॅनिलिन’ नाव दिलं. पुढे कृत्रिम रंगांचा अख्खा धंदा या नावावर उभा राहिला आणि त्यानेच निळीची शेती बुडवली. अँडालुशियाच्या बाजारात एकेकाळी नीळही विकली जाई आणि कोंबड्याही. पण तिथल्या माणसाने कोंबडीसाठी दगडाचा शब्द उचलला, निळीचा नाही. त्याला नीळ काय असते ते चांगलं ठाऊक होतं.

ही कोंबडी पाळणाऱ्यांचं एक रडगाणं होतं. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी, दोन्ही निवडक, दोन्ही बक्षिसं मिळवलेली. त्यांची पिल्लं मात्र सगळी निळी निघायची नाहीत. साधारण निम्मी निळी, चौथा हिस्सा काळी, आणि उरलेली चौथाई पांढुरकी, अंगावर राखी-काळे शिंतोडे उडाल्यासारखी. पाळणारे काळी आणि शिंतोड्याची पिल्लं टाकाऊ म्हणून काढून टाकत, निळ्यांतून पुन्हा निवड करत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कितीही पिढ्या चाळल्या तरी रक्त ‘शुद्ध’ होत नव्हतं. बारा पिल्लांच्या एका घाण्यात कधी नऊ निळी निघत, कधी तीनच. त्यामुळे आपली निवड लागू पडतेय असा भ्रम मधूनमधून व्हायचा आणि पुढच्याच घाण्याला फुटायचा.

केंब्रिजजवळ ग्रँटचेस्टरच्या आपल्या घरी जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन कोंबड्या पाळत होता. मेंडेलचं वाटाण्यांवरचं काम १९०० साली पुन्हा उजेडात आलं होतं, आणि ते प्राण्यांनाही लागू पडतं हे दाखवायचा त्याने ध्यास घेतला होता. त्याच्या जोडीला रेजिनाल्ड पनेट आला. चौकोनात अक्षरं मांडून संततीचा हिशेब करायची जी पद्धत शाळेत शिकवतात, तिला आज ज्याचं नाव आहे तोच हा. अँडालुशियन कोंबडीचं कोडं या दोघांनी सोडवलं. काळ्याचा एक वाटा आणि शिंतोड्याचा एक वाटा असे दोन वेगवेगळे वाटे एकत्र आले की निळी. दोन्ही वाटे काळ्याचे असतील तर काळी, दोन्ही शिंतोड्याचे असतील तर शिंतोड्याची. काळ्याला शिंतोड्याची लावली तर पिल्लं झाडून सगळी निळी.

याचा अर्थ पाळणाऱ्यांच्या जिव्हारी लागणारा होता, आणि पनेटने तो आपल्या ‘मेंडेलिझम’ या पुस्तकात आडपडदा न ठेवता सांगितला: ज्यांना टाकाऊ म्हणून फेकता तीच खरी शुद्ध, ज्याला शुद्ध म्हणून जपता तो संकर, आणि कितीही निवड केली तरी तो स्थिर व्हायचा नाही. आपण ‘अस्सल’ म्हणतो तो शब्द अरबी ‘अस्ल’वरून आला, अस्ल म्हणजे मूळ. त्या अर्थाने अस्सल ठरली ती काळी आणि शिंतोड्याची. बक्षिसाची पट्टी मात्र निळीच्या गळ्यात. ‘जातिवंत’ या शब्दाचा एवढा नेमका पाणउतारा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

अशा दोन वेगळ्या वाट्यांच्या जीवाला नाव हवं होतं. बेटसन आणि एडिथ सॉन्डर्स यांनी १९०२ मध्ये ते घडवलं, हेटरोझायगोट. ‘हेटेरो’ म्हणजे वेगळा. ‘झायगोट’ आला ग्रीक ‘झुगोन’वरून, आणि झुगोन म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू. इथे मराठी माणसाने कान टवकारायला हवेत. ग्रीक झुगोन, लॅटिन ‘युगुम’, इंग्रजी ‘योक’, संस्कृत ‘युग’ ही सगळी एकाच घरातली भावंडं. युगाचं प्राकृतात ‘जुअ’ झालं आणि आपल्या शेतात ‘जू’ होऊन बैलांच्या मानेवर चढलं. त्याच ‘युज्’ धातूचा योग, संयोग, युग्म. जे लाकूड आडवं टाकून दोन्ही कडांना शिवळा बसवतात आणि ढवळ्या-पवळ्याला एका चाकोरीत चालवतात, ते आणि जीवशास्त्राच्या परीक्षेतला झायगोट, दोघं सख्खे चुलत. मराठी परिभाषेने हेटरोझायगोटसाठी ‘विषमयुग्मजी’ असा शब्द घेतला. उच्चारताना दातांची परीक्षा होते खरी, पण त्यातलं युग्म त्याच जुवाचं आहे. काळा बैल एकीकडे आणि बांडा दुसरीकडे जुंपलेली जोडी जितकी नेमकी दिसते, तितकी नेमकी ही कोंबडी त्या शब्दात बसते. परिभाषा समितीने ‘विषमजू’ असं काही म्हटलं असतं तर पोरांना समजलं असतं आणि सदस्यांना ते गावंढळ वाटलं असतं.

‘जेनेटिक्स’ हा शब्दही बेटसननेच १९०५ साली एका पत्रात वापरला. ‘जीन’ १९०९ साली डेन्मार्कच्या योहान्सनने काढला. त्यासाठी मराठीत ‘जनुक’ हा शब्द मात्र कुणीतरी फार सुरेख घडवला. ‘जन्’ धातू संस्कृतचा, जीनच्या मागचं ग्रीक मूळही त्याच आदिभाषेतलं. म्हणजे इथे उसना शब्द आणि देशी शब्द दिसायलाही सारखे आणि नात्यानेही एक. असा योग क्वचित जुळतो.

गोंधळ एवढ्यावर थांबत नाही, कारण कोंबड्यांत ‘निळा’ एकच नाही. दुसरा एक फिकट, सगळीकडे सारखा, किनार नसलेला राखी-निळा असतो. त्याला बहुतेक ठिकाणी लॅव्हेंडर म्हणतात आणि अमेरिकेत ‘सेल्फ ब्लू’. त्याचं वागणं अगदी उलट. त्याचे दोन्ही वाटे सारखे असावे लागतात, एकच असला तर तो दबून राहतो. म्हणून लॅव्हेंडरला लॅव्हेंडर लावली की पिल्लं सगळी लॅव्हेंडर, घाण्यागणिक जुगार नाही. हा बदल तांबूस मेलॅनिनलाही सोडत नाही, तांबड्याचा वाळल्या गवतासारखा रंग करून टाकतो. कारण इथे कण घडतात नीट, पण त्यांची वाहतूक बिघडते. रंगपेशीच्या मधून फांद्यांच्या टोकापर्यंत कण पोचवणाऱ्या मेलॅनोफिलिन या प्रथिनात पस्तिसाव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. २००८ साली हे सापडलं. त्याच जागेवर तोच बदल माणसात झाला तर केस चंदेरी राखी होतात, त्या विकाराला ग्रिसेली म्हणतात. कोंबडी आणि माणूस, प्रथिन तेच, जागा तीच, चूक तीच.

लॅव्हेंडर हे झुडूप, आणि त्याच्या नावाची लोक लॅटिनमधल्या ‘धुणे’ या क्रियापदाशी गाठ घालतात, कारण धुतलेल्या कपड्यांत त्याची फुलं ठेवत. काही अभ्यासक त्याऐवजी ‘लिविदुस’ म्हणजे काळंनिळं या शब्दाकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही, पण दोन्ही बाजू ऐकताना आपल्याला नीळच आठवते: तीही धुण्याची, तीही निळी.

खरंखुरं निळं रंगद्रव्य कोंबडीकडे आहे, पण ते पिसात नाही, अंड्यावर आहे. चिलीच्या अराउकाना आणि चीनमधल्या काही जाती आकाशी कवचाची अंडी घालतात. एका विषाणूचा तुकडा फार पूर्वी त्यांच्या जनुकांत घुसून बसला, आणि त्यामुळे कवच घडताना बिलिव्हर्डिन नावाचं द्रव्य त्यात उतरतं. २०१३ साली उलगडा झाला तेव्हा कळलं की दोन्ही खंडांत हा तुकडा वेगवेगळ्या वेळी शिरलेला आहे. हेच बिलिव्हर्डिन आपल्या मार लागलेल्या जागी रक्त विरघळताना तयार होतं आणि काळ्यानिळ्या डागाला हिरवट छटा देतं.

आपल्याकडच्या कोंबडीविषयी भाषेने रंगापेक्षा इतर गोष्टी जास्त टिपल्या. पहिल्यांदा अंड्यावर यायच्या बेतातली तलंग, अंड्यांवर बसून राहणारी खुडूक, उतारा टाकायला लागणारी उलट्या पिसांची. यातली शेवटची उलटी पिसंही जनुकाचीच करणी, पण गावाने तिला भुताखेताच्या खात्यात टाकलं. काळ्याचं वेड म्हणाल तर ते झाबुआच्या कडकनाथाने पूर्ण केलं. त्याला तिकडे कालामासी म्हणतात. पिसांबरोबर कातडी, मांस, हाडंही काळी, कारण रंगपेशी शरीरात नको तिथे भटकत गेल्या. अँडालुशियनमध्ये काळं पातळ झालं, कडकनाथात ते उतू गेलं. दोन टोकं, द्रव्य एकच. पाठीवर शिंतोडे असलेल्या कोंबडीला मात्र आपल्याकडे नाव आयतं आहे: कबरी. हे संस्कृत ‘कर्बुर’चं घरगुती रूप.

निळीचं काय करायचं? घननीळाच्या काळचा ‘नील’ आज उरलेला नाही. शाळेतल्या रंगपेटीने आणि कापडगिरण्यांच्या छापील पाट्यांनी निळ्याला आकाश, शाई आणि समुद्र यांच्यात कोंडून घातलं, आणि काळ्याशी असलेलं त्याचं जुनं नातं ‘काळंनिळं’ एवढ्यापुरतं राहिलं. आजच्या मराठीत ‘निळी कोंबडी’ लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याला रामलीलेतल्या रंगवलेल्या पात्राकडे पाठवणं. ‘ब्लू’ म्हणून सोडून देणं तर आणखी आळशी, कारण मग तो दोन वेगळ्या जनुकांना एकच नाव देणारा इंग्रजी घोळ आपण फुकट विकत घेतो.

मराठी रंग वस्तूंवरून ठेवते. जांभळा, आमसुली, मोरपंखी. दोन वाटे मिळून मधलाच रंग देतात त्या अर्धवट प्रभावाचं दुसरं पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे गुलबक्षीचं झाड. तांबड्या आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून गुलाबी निघतात, आणि गुलबक्षी हा तर आपल्या लुगड्यांचाच रंग. त्याच चालीने पारव्याचा रंग पारवा. संस्कृत ‘पारावत’ म्हणजे कबुतर, त्याचा पारवा झाला आणि पाखरावरून रंगाला चिकटला. हे नाव फक्त दिसण्यावरून बरं नाही. रानपारव्याच्या राखी-निळ्या पंखातही मेलॅनिनचे कण पुंजक्या-पुंजक्यांनी बसलेले असतात, आणि तेच सारखे पसरले की कबुतर काळं होतं. पाखराची जात वेगळी, जनुक वेगळं, पण डोळ्याला फसवायची युक्ती मुळात एकच. ‘पारवी कोंबडी’ म्हणणाऱ्या बाईला मेलॅनिनचा पत्ता नव्हता, तरी तिने जोडलेलं नातं इंग्रजांच्या ‘ब्लू’पेक्षा जवळचं आहे.

किनारीची ती पारवी आणि सपाट फिकी ती राखी, एवढी फोड ठेवली की इंग्रजीतला घोळही सुटतो. हिशेब मग सोपा. पारव्याला पारवी लावली तर खुराड्यात तीन रंगांची पिल्लं हिंडणार. झाडून सगळी पारवी हवी असतील तर काळा कोंबडा पाळावा आणि कबरी कोंबडी, म्हणजे अँडालुशियनवाले पिढ्यान् पिढ्या ज्यांना टाकाऊ म्हणून बाजारात फुंकून टाकत आले तीच दोन.